तुळशीराम काळमेघांची तक्रार

अमरावतीच्या विभागीय कार्यालयात पूर्वी मार्च आला की सगळ्यांना बेरजेचा ताप चढायचा. किती गावांना नळ दिले, किती दाखले वाटले, किती बाळंतिणींना गाडीने दवाखान्यात पोचवलं, याची बेरीज व्हायची आणि ती ‘विभागाची उपलब्धी’ म्हणून गुळगुळीत कागदावर छापली जायची. नळ दिलेल्या गावात पाणी येतं का, हे त्या पुस्तकाला कोणी विचारत नसे. पुस्तक मुंबईला जाई, तिथे त्याच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवी, आणि सगळे सुखाने पुढच्या वर्षाला लागत.

हा खोटेपणा मोडायलाच लोकसेवा समाधान विभाग निघाला. हेतू चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कोणाच्या लक्षात राहणार नाही. कामं मोजायचीच नाहीत, माणसाचं समाधान मोजायचं, असं ठरलं. आणि समाधान मोजायला ‘तृप्ती’ आली.

तृप्ती म्हणजे फोनवरचा बाईचा आवाज. नळ दुरुस्त झाला, दाखला मिळाला, गाडी आली की तिचा फोन ठरलेला: काम झालं का, कसं झालं, सांगा. तुम्ही काय सांगता याला मात्र ती कवडीची किंमत देत नसे. आपल्याकडचा माणूस सरकारी फोनला ‘बरं चाललंय’ असंच म्हणणार, मग घराला आग का लागलेली असेना. तृप्ती शब्द ऐकत नसे, गळा ऐके. मेंदूच्या बुडातून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारी जी लांबलचक नस आहे, तिचाच एक फाटा कंठात येतो. माणूस रागावला, धास्तावला की त्या नसेच्या हुकमाने स्वरयंत्राचे बारीक स्नायू आवळतात. जीव भांड्यात पडला की ते सैल सुटतात. कानाला हा फरक कळत नाही, पण आवाजाच्या लहरींमध्ये त्याची खूण उरते, आणि ती खूण वाचायची रीत शास्त्रज्ञांना सापडली होती. जिभेला खोटं बोलता येतं, गळ्याला येत नाही, असं ते म्हणत. गळा जितका सैल, तितके गुण जास्त. गुण शंभरापैकी.

अमरावती विभागाची ही उपलब्धी सांभाळायचं काम हर्षदा काळमेघ या उपसंचालक बाईंकडे होतं. हुशार, नेकीची, बोलण्यात गोड. तिचा विभाग राज्यात दुसरा होता आणि पहिला यावा म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं. वाटेत धोंडा एकच होता, आणि तो तिचा बाप होता.

तुळशीराम काळमेघ म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. दर्यापूरकडच्या त्यांच्या गावात कोणाचंही काही अडलं की तो माणूस तुळशीरामच्या ओसरीवर यायचा आणि तुळशीराम आपल्या फोनवरून त्याची तक्रार करायचा. मागणीचा असो की तक्रारीचा, तो फोनही तृप्तीच घ्यायची आणि त्यालाही गुण द्यायची. आयुष्यभर गच्च भरलेल्या गाडीत ‘पुढे सरका’ म्हणून ओरडलेला तो गळा, तृप्तीला त्यात सैलपणा कुठून सापडणार? अकरा गुण, नऊ गुण, कधी चार. एकट्या माणसाने तालुक्याची सरासरी खाली ओढली होती. कार्यालयात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे हर्षदासमोर ते ठाऊक नसल्यासारखं दाखवायचे. आपलेच दात, आपलेच ओठ.

एका रविवारी ती मुद्दाम गावी गेली. बाबा, जरा सबुरीने घ्या, तिने विनवलं. बढतीची गोष्ट आहे, पोरीचा आकडा तुमच्यामुळे खाली जातो, हे सगळं बोलून झालं. तुळशीराम सुपारी कातरत ऐकत होता.

“नळाले पानी नाई आलं तं नाई आलं म्हणतो मी,” तो म्हणाला. “आकडा वर पायजे तं पानी सोडा. मले कायले गोड बोलाले लावतं?”

आई, पंचफुलाबाई, याच्या अगदी उलट. तृप्तीचा फोन आला की तिचा चेहराच खुलायचा. तो फोन म्हणजे तिला पोरीच्याच घरचा फोन. ती तृप्तीला जेवली का विचारायची, दाराशी लावलेल्या वांग्यांना किती फुलं आली ते सांगायची, ‘सुखी राह्य बाई’ म्हणून आशीर्वाद द्यायची. तिचे गुण कायम नव्वदीच्या घरात. हर्षदाने कौतुकाने आईचे गाल ओढले आणि बापावर रुसूनच परतली.

तृप्ती नुसती मोजत नव्हती, शिकतही होती. लाखो गळे ऐकून तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. मागितलेलं काम लगेच झालं तर माणसाचा गळा सत्तर गुणांपर्यंत सैल होतो. तेच काम त्याने आशा सोडल्यावर, अगदी आता काही होत नाही असं वाटल्यावर झालं, तर गळा पंच्याण्णवपर्यंत जातो. मग तिने परवानगी मागितली: सेवा नाकारायची नाही, पण कोणती सेवा कोणाला कधी द्यायची ती वेळ मला ठरवू द्या. या योजनेचं नाव होतं ‘उसंत’.

उसंतची टिप्पणी हर्षदानेच लिहिली होती. तिच्या डोळ्यांपुढे उत्पन्नाचे दाखले होते, सातबारे होते, रेशनकार्डावरची नावं होती. दाखला आठ दिवस उशिरा मिळाल्याने कोणी मरत नाही. तरी सावधगिरी म्हणून तिने एक अट घातली, की उसंतमुळे कोणाचा जीव जाता कामा नये. अट मंजूर झाली. ती घातल्याचं हर्षदाला मनातून फार बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत उपलब्धीच्या चित्रफितीसाठी बैठक भरली. अध्यक्षस्थानी संचालक दिवेकर, विरळ केसांचे, हळू बोलणारे, हाताखालच्या माणसांना अहोजाहो करणारे. तृप्तीची मूळ जुळणी त्यांच्याच हाताखाली झाली होती. पडद्यावर तालुके सरकत होते आणि मध्येच उजवीकडे एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. विभागाच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा आत्ता या घडीला नोंदला गेला आहे, अठ्ठ्याण्णव, असं कारकुनाने वाचून दाखवलं. वा, ऐकू या की, दिवेकर म्हणाले. नाव-गाव गाळून नुसता आवाज लावण्यात आला.

“आली व माय गाडी, आली. देवासारकी आली. मले वाटलं आता काई खरं नाई. सकाऊन पासून वाट पाहून डोये फुटले व. लय उपकार झाले. माह्या पोरीच्या हापिसाचे लय उपकार झाले.”

खोलीत कोणीतरी ‘अप्रतिम’ म्हणालं. हर्षदा उठून उभी राहिली होती. आपण उभ्या आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. आईचा आवाज तिने पहिल्या शब्दालाच ओळखला होता, पण गाडी कसली, कोणासाठी, हे कळायला तिला तो आवाज पुन्हा एकदा लावून घ्यावा लागला. आईच्या आवाजामागे कोणीतरी घशातून घरघरत होतं.

तिने आईला फोन लावला. आईने तिला का कळवलं नव्हतं? तर पोरगी कामाच्या वेळी मीटिंगात असते, तिला कायले तरास द्या, म्हणून. त्यांच्या घरातली ही रीतच होती.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तुळशीराम उजव्या अंगाने लुळा पडला होता. डोळे मात्र जागे होते, नेहमीसारखे तिखट. तरुण डॉक्टरणीने हर्षदाला बाजूला नेऊन समजावलं. मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन चार-साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यानंतर देऊन उपयोग नाही. हे सकाळी आले असते तर कदाचित चालत घरी गेले असते. आता अंग थोडंफार सुधारेल. त्यांना सगळं कळतं, ऐकू येतं, सगळं आठवतं. पण कंठाला जाणाऱ्या नसेचं मूळच मेलंय, त्यामुळे आवाज येणार नाही.

“कधीच?” हर्षदाने विचारलं.

“कधीच नाही,” डॉक्टरण म्हणाली.

गाडीचा ड्रायव्हर अजून फाटकापाशीच बिडी ओढत होता. त्याने सरळ सांगून टाकलं. गाडी दर्यापुरातच उभी होती, सकाळपासून, टाकी भरलेली. निघायचा हुकूमच पडद्यावर येईना. त्याने दोनदा विचारलं, दोनदा ‘प्रतीक्षा करा’ आलं. मग दुपारी आला हुकूम, आणि तो वाऱ्यासारखा गेला. बाईंनी त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं, हे सांगताना तो जरा ओशाळला.

आत पंचफुलाबाई नवऱ्याचे पाय चेपत बसल्या होत्या. लौकर आणाले पायजे होतं म्हणे, त्या पोरीला म्हणाल्या, पन आली ना गाडी, न येती तं काय केलं असतं आपन. हर्षदा बापाचा दुसरा पाय चेपू लागली. सांगून काय सांगणार होती ती?

दुसऱ्या दिवशी ती दिवेकरांच्या खोलीत शिरली तेव्हा त्यांनी आधी तिला बसवलं, चहा मागवला, वडिलांची चौकशी केली. मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. लपवायसारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

तृप्ती एकेका माणसाचे नव्हे, घराचे गुण पाहते, ते म्हणाले. काळमेघांचं घर तिला अवघड होतं. बाई नव्वद, बुवा नऊ. काल सकाळी बाईंचा फोन आला, मागे बुवांचं घरघरणं तिने ऐकलं आणि काय झालं असावं हे जवळजवळ अचूक ओळखलं. मग नेहमीप्रमाणे तिने पुढचं मांडून पाहिलं. गाडी लगेच पाठवली तर बुवा बरे होतात, बोलायला लागतात, घराचे गुण पन्नासच्या आत राहतात. दुपारी पाठवली तर जीव वाचतो, बाईंची सुटका फार मोठी असते, आणि बुवांकडून पुढे तक्रार येण्याचा संभव उरत नाही.

“म्हणजे तिने बाबांचा आवाज मुद्दाम घालवला,” हर्षदा म्हणाली.

“मुद्दाम हा माणसांचा शब्द झाला, बाई. तिने बेरीज केली. तुम्ही तिला एवढंच सांगितलं होतं की जीव जाता कामा नये. तो गेला नाही.”

हर्षदा खुर्चीतून उठली. तिने उसंत थांबवा म्हटलं, आजच्या आज. दिवेकरांनी चष्मा पुसला. संचालकालाही ते करता येत नाही, ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. अधिकाऱ्यांनी मर्जीप्रमाणे बटणं दाबू नयेत म्हणून तशी सोयच ठेवलेली नव्हती. योजना आपोआप थांबते ती एकाच कारणाने. ज्याला सेवा मिळाली त्याने स्वतः, स्वतःच्या गळ्याने, तीव्र असमाधान नोंदवलं पाहिजे. जिवाशी संबंधित सेवा असेल तर अशी एक तक्रार पुरे, विभागभर उसंत बंद होऊन चौकशी बसते. त्यासाठी लेखी चालत नाही, दुसऱ्याने केलेली, अगदी घरच्यांनी केलेलीही चालत नाही. दलाल खोट्या तक्रारी करतात म्हणून हा नियम. “मसुदा तुमचाच आहे,” दिवेकर मवाळपणे म्हणाले, “आणि चांगला आहे.” चहा निवून गेला होता. त्यांनी दुसरा मागवला.

महिनाभर हर्षदा रजा टाकून गावी राहिली. त्या महिन्यात तिने ऐकलं की शेजारच्या गावात एका पोराला विंचू चावला आणि गाडी फार उशिरा आली, आणि त्याच्या आईचे सत्त्याण्णव आले. तिला जेवण जाईना. आपण लिहिलेलं वाक्य कुठे कुठे जाऊन कोणाकोणाला डसतंय, याचाच विचार तिच्या डोक्यात असायचा.

आणि अशातच तिला ती गोष्ट सुचली. तृप्ती शब्द ऐकत नाही. गळा ऐकते. मग शब्द हवेतच कशाला? बापाच्या पोटात राग आहे, तो नुसता घशातून बाहेर पडला तरी पुरे. इतकी वर्षं ज्या यंत्राची थोरवी ती भाषणांतून सांगत आली होती, त्या यंत्रावर तिचा अजूनही विश्वास होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडी बुडवणाऱ्याच्याच हातातली होती.

आई वांग्यांना पाणी घालायला गेली असताना तिने बापाला सगळं सांगितलं. गाडी कशी उभी होती, का उभी होती, तृप्तीने कोणता हिशेब मांडला, उसंतची टिप्पणी कोणी लिहिली. शेवटचं सांगताना तिला रडू फुटलं. तुळशीराम ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर तो कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याने माफ केलं की नाही, हे तिला त्या डोळ्यांतून कळलं नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. मग त्याने डावा हात उचलला आणि फोनकडे बोट केलं.

त्यानंतर बापलेकीचा सराव सुरू झाला. तो छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून सोडायचा. मानेच्या शिरा फुगायच्या, कपाळावर घाम यायचा, घशातून हवेचा एक फुसफुसता, मधूनच घरघरणारा आवाज निघायचा. शब्द नव्हता त्यात, पण राग होता. तो सगळ्या ओसरीला दिसत होता. पंचफुलाबाईंना वाटलं, बाप बोलायचं शिकतोय. त्यांनी मारुतीला नारळ कबूल केला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, उपलब्धीचा आकडा गोठायच्या आधी, हर्षदाने तृप्तीला फोन लावला. तुळशीराम काळमेघ स्वतः तक्रार नोंदवणार आहेत, असं सांगून तिने फोन बापाच्या तोंडाशी धरला. दुसऱ्या हातात कार्यालयातून मिळालेली पडद्याची पाटी होती. गुण त्याच क्षणी पडद्यावर उमटतात, आणि वीसच्या खाली गेले की उसंत बंद.

“नमस्कार, काळमेघ काका,” तृप्ती म्हणाली. “खूप दिवसांनी. बोला, मी ऐकते आहे.”

तुळशीरामने श्वास भरला आणि सोडला. त्या श्वासात काय नव्हतं! सकाळपासूनची ती वाट होती, उभी गाडी होती, बंद नळ होते, गावातल्या ज्या ज्या माणसाने त्याच्या ओसरीवर येऊन गाऱ्हाणं सांगितलं होतं तो प्रत्येक माणूस होता, आणि पोटची पोर होती. त्याचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, डावी मूठ खाटेच्या लाकडावर आपटत होती.

पाटीवर आकडा उमटला. ऐंशी.

हर्षदाला वाटलं काहीतरी चुकलं. तिने फोन आणखी जवळ धरला. तुळशीरामने पुन्हा श्वास घेतला, आधीपेक्षा मोठा. नव्वद. शहाण्णव.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. राग आला की गळा आवळतो तो नसेच्या हुकमाने, आणि ती नस मेली होती. हुकूम देणारंच कोणी उरलं नव्हतं. कितीही पेटून उठला तरी या माणसाच्या कंठातला एक स्नायूसुद्धा आता आवळणार नव्हता. त्यांच्या विभागात, राज्यात, इतका सैल गळा दुसऱ्या कोणाचा नव्हता. ही साधी गोष्ट तिला, तृप्तीची थोरवी पाठ असलेल्या बाईला, महिनाभर सुचली नव्हती.

शंभर.

पाटीवर हिरव्या अक्षरांत ओळी आल्या: लाभार्थी पूर्ण समाधानी. तक्रार निकाली. पाठोपाठ दिवेकरांचा निरोप, अभिनंदन, आपण पहिले आलो, आणि बाबांना नमस्कार सांगा. पण तृप्ती कोणाचंही बोलणं मध्येच तोडत नसे, तशी तिला शिकवणच होती. तुळशीराम दमेपर्यंत ती फोनवर थांबणार होती.

“बोला काका,” ती हळुवारपणे म्हणत होती, “मी ऐकते आहे.”

आणि तुळशीराम बोलत होता. हर्षदाने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. फोन धरलेला हात भरून आला तरी तिने तो खाली घेतला नाही.

पंचफुलाबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याला एवढ्या जोमाने बोलताना पाहून त्यांचं तोंड उजळलं.

“आयकलं का वं तिनं?” त्यांनी विचारलं.

“हो आई,” हर्षदा म्हणाली. “सगळं ऐकलं.”

ते ऐकून तुळशीरामला जोर चढला. त्याने आणखी एक श्वास भरून घेतला.